झटपट फोटो आणि नीट काढलेलं पोर्ट्रेट: फरक नेमका कुठे पडतो

एकाच खोलीत, एकाच माणसाचे, एकाच मोबाइलवर दोन फोटो काढून बघा. पहिला सुचेल तसा: माणूस भिंतीला टेकलेला, छताचा दिवा चालू, मोबाइल हातभर अंतरावर. दुसऱ्या फोटोच्या वेळी दिवा बंद करा, माणसाला खिडकीजवळ आणा, भिंतीपासून तीन-चार पावलं पुढे घ्या, स्वतः दोन मीटर मागे या आणि मोबाइलवर २एक्स किंवा ३एक्स निवडा.

आता दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात नाक फुगलेलं, कान मागे पळालेले, डोळ्यांच्या खोबणीत काळोख, कपाळावर तेलकट पांढरा डाग आणि भिंतीवर मानेला चिकटून पडलेली सावली. दुसऱ्यात तोच माणूस समोर बसून गप्पा मारताना दिसतो तसा दिसतो. कॅमेरा तोच आहे. पहिल्या फोटोत जे आलं ते आपसूक आलं, दुसऱ्यात जे आलं ते कुणीतरी बघून, ठरवून आणलं. ठरवण्याचं हे काम एका क्रमाने केलं की सोपं जातं: आधी अंतर, मग उजेड, मग पार्श्वभूमी, मग कॅमेऱ्याचे आकडे आणि त्यानंतर सगळं लक्ष माणसाकडे. बहुतेक जण आकड्यांपासून सुरुवात करतात, आणि तोवर समोरचा माणूस ताटकळून जातो.

## अंतर आधी, लेन्स नंतर

लांब लेन्सने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, चेहरा चांगला येतो, हे अर्धंच खरं आहे. चेहऱ्याची ठेवण कशी उमटेल ते कॅमेरा आणि चेहरा यांच्यातल्या अंतरावरून ठरतं. त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा एवढंच लेन्सच्या हातात असतं. हिशेब करून बघा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंटीमीटर धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान ५२ सेंटीमीटरवर असतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक ३० टक्के मोठं उमटतं. कॅमेरा २ मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो, म्हणून तो चेहरा ओळखीचा वाटतो. ५ मीटरवर गेलात तर फरक अडीच टक्क्यांच्याही खाली जातो आणि चेहरा चपटा, रुंद दिसायला लागतो. निमुळत्या चेहऱ्याला ते चालून जातं, गोल चेहऱ्याला नाही.

तेव्हा दीड ते अडीच मीटरवर उभं राहायचं हे पक्कं करा आणि तिथून हवी तेवढी चौकट भरेल अशी लेन्स लावा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर ती ८५ ते १३५ मिलिमीटर असते, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर ५० ते ८५. हा आकडा जितका मोठा, तितकी लेन्स लांब. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे रुंद असते. तिने चेहरा भरायचा तर जवळ जावंच लागतं. २एक्स-३एक्सची वेगळी लांब लेन्स, म्हणजे टेली लेन्स असेल तर ती वापरा, पण एक लक्षात ठेवा: उजेड कमी असला की बरेच फोन टेली लेन्स बाजूला ठेवतात आणि मुख्य लेन्सचाच फोटो कापून मोठा करतात, तेही न सांगता. ३एक्सचा फोटो रवाळ किंवा मेणासारखा गुळगुळीत आला तर संशय तिथे घ्या आणि उजेड वाढवा. टेली लेन्स नसेलच तर मुख्य लेन्सने दीड मीटरवरून काढा आणि नंतर कापा. पिक्सेल कमी होतील, पण नाक जागेवर राहील.

रुंद लेन्समध्ये चौकटीच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो, हेही ध्यानात असू द्या. एकटा माणूस असेल तर त्याला मध्याच्या आसपास ठेवा.

## उजेड

सगळा वेळ एकाच गोष्टीला देता येणार असेल तर तो उजेडाला द्या. उजेडाबद्दल तीन प्रश्न विचारायचे: तो किती मोठ्या जागेतून येतोय, कुठल्या बाजूने येतोय आणि किती उंचीवरून.

मोठ्या जागेतून येणारा उजेड मऊ असतो, म्हणजे सावलीची कड हळूहळू विरते. लहान जागेतून येणारा कडक असतो, सावली सुरीने कापल्यासारखी पडते आणि त्वचेवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक सुरकुती उठून दिसते. इथे मोठं-लहान हे चेहऱ्यावरून बघायचं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब आहे की आकाशात तो एक ठिपकाच, म्हणून दुपारचं ऊन कडक. त्याच सूर्यासमोर ढग आले की अख्खं आकाश दिवा होतं. मीटरभर रुंद खिडकी मीटरभर अंतरावरून मऊ उजेड देते. तीच खिडकी पाच मीटरवरून बरीच कडक होते. सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड ताणलेली पेटी) किंवा छत्री वापरतानाही हेच गणित. सॉफ्टबॉक्स जेवढा रुंद, साधारण तेवढ्याच अंतरावर तो चेहऱ्यापासून ठेवायचा. ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स तीन मीटर लांब नेला तर तो घेतल्याचा उपयोगच राहत नाही.

दिशा समजून घ्यायची सोपी युक्ती: स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरा आणि जागेवर गोल फिरा. बोटांच्या उंचवट्यांवर उजेड कसा सरकतो, कुठे सपाट होतो, कुठे खोल सावली पडते ते दिसेल. माणसाला उभं करण्याआधीच जागा सापडते.

आता खिडकीजवळची पूर्ण मांडणी.

१. खोलीतले सगळे दिवे बंद करा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. घरगुती पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. दोन्ही चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर, दुसरा केशरी येतो आणि एडिटिंगमध्ये एक सुधारला की दुसरा बिघडतो.

२. थेट ऊन येत नसलेली खिडकी निवडा. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. पडद्याला रंग असेल तर तो रंग त्वचेवर उतरतो, म्हणून पांढराच.

३. माणसाला खिडकीपासून मीटरभर अंतरावर बसवा, खिडकी त्याच्या एका खांद्याच्या बाजूला आणि थोडी पुढे राहील अशी. तुम्ही खिडकीच्या रेषेला लागून उभे राहा. खिडकीकडे पाठ करून तिच्यासमोर उभं राहिलात तर उजेड अडतो.

४. आता त्याला सावकाश खिडकीकडे मान वळवायला सांगा आणि तुम्ही फक्त नाकाची सावली बघा. मान खिडकीपासून लांब वळलेली असताना चेहरा अर्धा उजळ, अर्धा काळा दिसतो. मान खिडकीकडे वळत गेली की सावलीच्या बाजूच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटतो. १७व्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या चित्रांत असा उजेड दिसतो म्हणून या मांडणीला त्याचं नाव पडलं. आणखी थोडं वळल्यावर त्रिकोण उघडतो आणि नाकाची लहानशी सावली ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने तिरकी पडते. ही मांडणी बहुतेक चेहऱ्यांना शोभते. शंका असेल तेव्हा इथेच थांबवा.

५. डोळ्यांत बघा. खिडकीचं प्रतिबिंब बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळात १० किंवा २ असतात तिथे दिसलं पाहिजे. ही चमक नसली की डोळा मेल्यासारखा दिसतो, मग बाकी फोटो कितीही नेटका असो. चमक बुबुळाच्या खालच्या बाजूला असेल तर उजेड खालून येतोय. मांडीवरचा मोबाइल किंवा चकचकीत टेबल तपासा.

६. सावलीची बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला, चेहऱ्यापासून अर्धा ते एक मीटरवर, थर्माकोलचा पांढरा तक्ता किंवा पांढरी चादर धरा. ६० ते ९० सेंटीमीटर पुरे. तक्ता जवळ आणत जा आणि डोळ्याखालची सावली मोकळी होताना बघा. जिथे सावली आहे हे कळतं पण तिच्यातली त्वचाही दिसते, तिथे थांबा. आणखी जवळ आणला तर दोन्ही गाल सारखे होतात आणि चेहऱ्याची घडण हरवते.

उलटही करता येतं. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर उजेड सगळीकडून परत येतो आणि चेहरा सपाट होतो. अशा वेळी सावलीच्या बाजूला काळं कापड टांगा. गालाचं हाड आणि जबडा लगेच उठून येतात. भरलेला चेहरा सडपातळ दाखवायचा असेल तर चेहऱ्याची कॅमेऱ्यापासून दूर असलेली बाजू उजळ ठेवा आणि कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत. अगदी बारीक चेहऱ्याला याच्या उलट.

दुपारी बाहेर काढायचं असेल तर सावलीची कड शोधा. पोर्च, मोठा दरवाजा, इमारतीची सावली. माणसाला सावलीत, पण तिच्या कडेपासून एखाद मीटर आत उभं करा आणि तोंड उघड्या आकाशाकडे करा. खोल आत गेलात तर उजेड फक्त वरून किंवा मागून येतो आणि डोळे काळवंडतात. झाडाखालची सावली गोड वाटते, पण पानांतून झिरपणारे उन्हाचे ठिपके गालावर पडले की ते एडिटिंगमध्ये निघत नाहीत. हिरवळीवर बसवलं तर हनुवटीखाली हिरवट छटा येते. रंगीत भिंतही तशीच आपला रंग चेहऱ्यावर फेकते. सूर्य कलल्यावर त्याला माणसाच्या पाठीमागे घ्या. केसांना सोनेरी कड मिळते, माणसाला डोळे किलकिले करावे लागत नाहीत, फक्त लेन्सवर थेट ऊन येऊ नये म्हणून लेन्सच्या तोंडावर हूड (आडोशाची कड) लावा किंवा हाताने आडोसा करा.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की झटपट फोटोची सगळी लक्षणं एकदम उमटतात: उजेड लहान जागेतून येतो म्हणून कडक, लेन्सच्या रेषेतून येतो म्हणून सपाट. डोळे लाल येतात तेही त्यामुळेच, कारण लेन्सला चिकटून निघालेला उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवरून थेट लेन्समध्ये परततो. वेगळा फ्लॅश असेल तर त्याचं तोंड छताकडे आणि थोडं बाजूच्या भिंतीकडे वळवा. छत आणि भिंत पांढरी हवी. मग भिंतीचा मोठा भाग दिव्याचं काम करतो. वाटेत बराच उजेड मुरतो, म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० ते ८०० आणि एफ ४ पासून सुरुवात करा. एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं. मोबाइलचा फ्लॅश पोर्ट्रेटसाठी बंदच ठेवा.

## मागे काय आहे

फोटो काढताना डोळा चेहऱ्यावर खिळतो आणि मागचं काही दिसेनासं होतं. कॅमेऱ्याचं तसं नसतं. शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. डोक्यातून उगवलेला खांब, मानेतून आरपार गेलेली खिडकीची किंवा क्षितिजाची रेघ, कोपऱ्यातला पांढरा चौकोन, मागच्या माणसाचा अर्धा हात. यातलं बरंचसं तुम्ही अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरकलात तरी निघून जातं. उजळ ठिपका सर्वांत त्रासदायक, कारण नजर फोटोतल्या सर्वांत उजळ जागेकडे आधी जाते, आणि ती जागा चेहरा असायला हवी.

माणूस आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान दोन-तीन मीटर ठेवा. सावली भिंतीवर पडत नाही, पार्श्वभूमी धूसर होते, आणि खिडकीचा उजेड मागे पोचेपर्यंत क्षीण झाल्याने ती चेहऱ्याहून गडद राहते. लहान दिव्याचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा उरतो. मोठ्या खिडकीजवळ ही घट सावकाश होते, पण होतेच. महागड्या लेन्सने जी धूसरता विकत घ्यायला लोक निघतात, तिच्यातली बरीचशी माणसाला भिंतीपासून पुढे आणून मिळते.

## कॅमेऱ्याचे आकडे

एफ १.४ किंवा १.८ ची लेन्स हातात आली की ती सतत पूर्ण उघडी ठेवण्याचा मोह होतो. फुल फ्रेमवर ८५ मिलिमीटर, एफ १.८, अंतर २ मीटर: पुढून मागपर्यंत मिळून फक्त ६ सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. दीड मीटरवर गेलात तर जेमतेम ३ सेंटीमीटर. मान थोडी वळलेली असेल तर एक डोळा लख्ख आणि दुसरा पुसट येणार. एफ ४ वर, २ मीटरवरून, १३ सेंटीमीटर मिळतात, म्हणजे नाकापासून जवळपास कानापर्यंत. एकट्या माणसासाठी एफ २.८ ते ४ हा भरवशाचा पट्टा. दोघं असतील तर दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा आणि एफ ५.६ ठेवा.

शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर झाकतं, समोरच्याची हालचाल नाही. बोलता बोलता हललेली पापणी १/६० वर पुसट येतेच. लहान मुलांसाठी १/५०० धरा. हे दोन आकडे पाळताना उजेड कमी पडला तर आयएसओ बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो वापरता येतो, हललेला टाकूनच द्यावा लागतो.

फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा, पण चष्म्याची काडी किंवा पुढे आलेली बट पकडली गेली नाही ना हे फोटो मोठा करून तपासा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग चौकट हलवायची जुनी सवय एफ १.८ वर महागात पडते, कारण कॅमेरा वळवला की फोकसचं प्रतलही, म्हणजे जिथलं सगळं स्पष्ट येतं ती पातळीही, वळते.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, त्वचेवरून ठरवा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असावं असं धरून चालतो. पांढऱ्या भिंतीसमोरचा सावळा चेहरा त्यामुळे काळवंडतो आणि काळ्या पडद्यासमोरचा गोरा चेहरा पांढराफटक पडतो. पहिल्या प्रसंगी एक्स्पोजरची भरपाई (कॅमेऱ्यावरची +/− खूण) +०.७ ते +१, दुसऱ्यात तेवढीच उणे. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचं हाड या तीन जागा आधी जळतात, म्हणजे तपशील जाऊन निव्वळ पांढऱ्या होतात. तिथे स्क्रीनवर हायलाइटचा, म्हणजे जळलेल्या जागेचा, इशारा लुकलुकला तर एक्स्पोजर कमी करा. सावळ्या त्वचेवरची चमक सुंदर दिसते, ती पुसायच्या मागे लागू नका, फक्त जळू देऊ नका. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतील, मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. मोबाइल बहुधा गरजेपेक्षा उजळ फोटो देतो.

आणि लेन्स पुसा. खिशातून काढलेल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटाचा ठसा असतोच, आणि त्याने अख्ख्या फोटोवर दुधाळ धुकं पसरतं.

## मान, खांदे, हात

कॅमेऱ्यासमोर सरळ, दोन्ही खांदे सारखे ठेवून उभा राहिलेला माणूस ओळखपत्रावरच्या फोटोसारखा दिसतो. शरीर ३० ते ४५ अंश वळवा, वजन मागच्या पायावर घ्यायला सांगा आणि मग फक्त चेहरा कॅमेऱ्याकडे आणा. बसलेला असेल तर खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसवा. पाठ टेकली की पोट पुढे येतं आणि मान आत जाते.

सर्वांत मोठा फरक हनुवटीचा. फोटोसाठी उभं केलं की माणूस आपोआप मान मागे घेतो आणि गळ्याखाली वळी येते. "हनुवटी वर" सांगितलं तर नाकपुड्या दिसतात, "खाली" सांगितलं तर वळी वाढते. सांगायचं असं: कपाळ माझ्याकडे ढकला, कासवाने मान बाहेर काढावी तसं, आणि मग हनुवटी अगदी थोडी खाली. करणाऱ्याला ते फार विचित्र वाटतं आणि बाजूने बघणाऱ्यालाही. समोरून मात्र जबड्याची रेघ स्वच्छ सुटी होते आणि तिच्याखाली गळ्यावर सावली पडते. स्वतः करून दाखवा, शब्दांनी नेमकं कळत नाही. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवा. पुढे सांगावं लागत नाही.

चेहरा वळवला असेल तर नाकाचा शेंडा पलीकडच्या गालाच्या रेषेबाहेर जाऊ देऊ नका, नाक लांब दिसतं. एकतर नाक गालाच्या आत ठेवा, नाहीतर पूर्ण बाजूने घ्या. नजर नाकाच्या दिशेने असू द्या. मान एकीकडे आणि डोळे दुसरीकडे गेले की डोळ्यांत पांढरंच दिसतं.

दंड अंगाला दाबून ठेवला की तो चपटा होऊन रुंद दिसतो; कोपर सुटं करा, कंबर आणि हात यांच्यात थोडी फट राहू द्या. हात चेहऱ्याजवळ येत असेल तर तळवा किंवा हाताची मागची बाजू दाखवू नका, करंगळीकडची कड कॅमेऱ्याकडे करा. गालाला बोटं टेकवायची, दाबायची नाहीत.

कॅमेऱ्याची उंची: फक्त चेहरा घेताना डोळ्यांच्या पातळीवर किंवा तळहाताएवढी वर, कमरेपर्यंत घेताना छातीच्या उंचीवर, पूर्ण माणूस घेताना कमरेच्या. उभ्याने पूर्ण फोटो काढला की पाय आखूड येतात, म्हणून गुडघे वाकवा. चौकट सांध्यावर तोडू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथे कापलं तर अवयव तुटल्यासारखा वाटतो. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापलं तर खटकत नाही. डोळे वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या रेषेजवळ ठेवा.

चष्म्याच्या काचेवर खिडकी दिसत असेल तर चष्मा काढायला लावू नका. रोज चष्मा लावणारा माणूस त्याशिवाय अनोळखी दिसतो. कानामागच्या काड्या दोन-तीन मिलिमीटर उचला म्हणजे काच थोडी खाली झुकेल आणि प्रतिबिंब तुमच्यापासून दुसरीकडे जाईल. तेवढ्याने नाही भागलं तर दिवा आणखी वर किंवा बाजूला न्या. चेहऱ्यावर तेलाची चमक असेल तर टिश्यू दाबून टिपा, घासू नका. कॉलर, गळ्यातली साखळी, कपाळावरची बट, खांद्यावरचा धागा हे सगळं आत्ता दहा सेकंदांत नीट होतं. नंतर स्क्रीनवर त्यालाच अर्धा तास लागतो.

## चेहऱ्यावर काय येतं

इथवरचं सगळं झाल्यावर ते विसरा. माणूस तुमच्याकडे बघतोय आणि तुम्ही स्क्रीनकडे बघताय, अशाने त्याचा चेहरा मिटतो. म्हणून उजेड आणि आकडे तो येण्याआधी, खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवून ठरवून ठेवा.

"हसा" म्हणाल तर ओठ हसतील. खरं हसू डोळ्यांभोवती दिसतं, खालची पापणी वर उचलली जाते आणि बाहेरच्या कोपऱ्यात बारीक रेघा पडतात. ते मागून मिळत नाही, बोलण्यातून येतं. ज्या कामात त्याला गोडी आहे त्याबद्दल एक नेमका प्रश्न विचारा आणि उत्तर खरोखर ऐका. उत्तर देताना तोंड वेडंवाकडं येतं, तेव्हा शटर दाबू नका. वाक्य संपल्यावर, किंवा हसून झाल्यावर चेहरा परत शांत होताना जो अर्धा सेकंद असतो, तिथे दाबा. एक-दोन-तीन मोजू नका, तिनावर माणूस श्वास कोंडतो आणि ताठ होतो. पापणी सतत मिटणाऱ्याला डोळे मिटून घ्यायला सांगा, एक दीर्घ श्वास, आणि सोडताना डोळे उघडायला सांगा. उघडल्यानंतरच्या पहिल्या क्षणात नजर ताजी असते.

हावभाव छायाचित्रकाराच्या कृतीतून घडतो याचं सर्वांत ठळक उदाहरण ३० डिसेंबर १९४१ चं आहे. ओटावामध्ये कॅनडाच्या संसदेच्या इमारतीत छायाचित्रकार युसूफ कार्श यांनी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचं पोर्ट्रेट काढलं. उजेड आधीच लावून ठेवलेला होता, वेळ मोजकाच मिळणार होता. चर्चिल सिगार सोडेनात, तेव्हा कार्श पुढे झाले, त्यांच्या तोंडातली सिगार त्यांनी काढून घेतली आणि कॅमेऱ्याकडे परत येऊन शटर दाबलं. त्या फोटोतला करारी, रागीट चेहरा तिथून आला. तुमच्यासमोरच्या माणसाच्या हातातून काही हिसकावायची गरज नाही, पण उजेड आधी लावून ठेवण्याचा भाग जसाच्या तसा उचलावा असा आहे.

एका मांडणीत २० ते ३० फोटो काढा. सुरुवातीचे पाच-सात बहुधा अवघडलेलेच येतात, माणूस सैल व्हायला तेवढा वेळ लागतो.

## निवड आणि एडिटिंग

निवडताना आधी लहान आकारात बघा. लहान चित्रातही चेहरा ओढून घेत असेल तोच पुढे न्या, मग मोठा करून डोळ्याचा फोकस तपासा. याच्या उलट केलंत तर सर्वांत स्पष्ट फोटो निवडला जातो, सर्वांत जिवंत नाही.

रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढलं असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं असा रंगांचा तोल, आरामात सुधारता येतो. पहिल्या फोटोत माणसाच्या हातात करडं कार्ड धरून घेतलं की एका क्लिकचं काम. क्रम असा: कापणं, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, मग त्वचा, शेवटी शार्पनिंग (कडा धारदार करणं). त्वचेबाबत साधा नियम पाळा. दोन आठवड्यांत जाणारं ते काढा, म्हणजे मुरुम, ओरखडा, सुजलेली जागा. तीळ, जुना व्रण, सुरकुत्या या माणसाच्या आहेत, त्याने सांगितल्याशिवाय हात लावू नका. डोळ्यांखालची काळी वर्तुळं अर्ध्यापर्यंत हलकी करा, पूर्ण पुसली की चेहरा सुजल्यासारखा दिसतो. दातांचा पिवळेपणा थोडा कमी करा, पण डोळ्यांतल्या पांढऱ्यापेक्षा दात शुभ्र होऊ देऊ नका. त्वचा गुळगुळीत करणारं फिल्टर बंद ठेवा. ते रंध्रं पुसतं आणि रंध्रं गेली की चेहरा प्लास्टिकचा होतो. शार्पनिंग डोळे, पापण्या आणि केसांवर, गालांवर नाही. तासाभराने परत उघडून बघा आणि केलेल्या बदलांचं प्रमाण थोडं उतरवा. बहुतेक वेळा उतरवावंच लागतं.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमधली धूसरता गणिताने केलेली असते. ती केसांच्या बटा, चष्म्याची कड आणि कान-केसांमधली फट इथे फसते. नंतर बदलता येणारा एफ आकडा ४ ते ५.६ वर आणा, चूक लपते आणि धूसरता खरी वाटते. सेल्फीबद्दल एक खुलासा: पुढचा कॅमेरा स्क्रीनवर आरशासारखं उलटं चित्र दाखवतो आणि आपल्याला आपला तोच चेहरा माहीत असतो. कोणताच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, म्हणून दुसऱ्याने काढलेल्या फोटोत आपण आपल्यालाच वाकडे वाटतो. फोटो ज्याचा आहे त्याला "हा मी नाही" असं वाटलं तर फोटो आरशासारखा डावा-उजवा उलटा करून दाखवून बघा.

छापायचं असेल तर ८×१० इंची प्रिंटला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४००×३००० पिक्सेल लागतात, म्हणजे ७२ लाख. पिक्सेलची अडचण सहसा येत नाही, प्रमाणाची येते. बहुतेक कॅमेरे २:३ मध्ये काढतात, मोबाइल ३:४ मध्ये, आणि ८×१० हे ४:५ आहे. चौकट डोक्यापर्यंत घट्ट भरली असेल तर कापताना केस तरी जातात नाहीतर हात. फोटो काढतानाच वर-खाली चार बोटं जागा सोडा.